शिळ्या कढीला ऊत: पडलेला सुपरहिरो पुन्हा पडद्यावर आणताना

दर दीड-दोन वर्षांनी मला एक ठरावीक फोन येतो. "मॅडम, त्या सुपरहिरोचे हक्क आमच्याकडे आलेत. पहिला पिक्चर पडला, पण कॅरेक्टर भारी आहे. जरा स्क्रिप्ट बघता का?" मी पटकथांची डागडुजी करते. छप्पर गळायला लागलं की लोकांना गवंडी आठवतो, तशी मी आठवते. सुरुवात कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, लिहिणारी असिस्टंट म्हणून केली, त्यामुळे सिनेमा कागदावर कुठे बिघडतो आणि सेटवर कुठे, हे बऱ्यापैकी कळतं. या फोनवर मी आधी एकच प्रश्न विचारते: पहिला का पडला? उत्तर जवळजवळ नेहमी तेच येतं. "व्हीएफएक्स वाईट होते."

निव्वळ व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर रचलेली दृश्यं, वाईट म्हणून पडलेला सुपरहिरो मी अजून पाहिलेला नाही. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं, तेव्हाचे इफेक्ट्स आज बघून हसू येतं. तरी अख्खी पिढी अंगणात, गच्चीत, वर्गात गोल गोल फिरली. मुलांना त्यात जे हवं होतं ते मिळत होतं. पडलेल्या सिनेमात ते मिळालेलं नसतं, आणि रीबूटचं, म्हणजे तोच नायक नव्याने सुरू करण्याचं, सगळं काम ते नेमकं काय होतं हे शोधण्याचं आहे.

खरा नायक घेतला की कुणाच्या तरी शेपटीवर पाय पडतो, म्हणून उदाहरणापुरता एक नायक आपणच बनवू. नाव 'भोंगा'. समजा, ऐंशीच्या दशकात एका मराठी चित्रकथा-पाक्षिकात तो यायचा. लालबागच्या चाळीत राहणारा गिरणी कामगाराचा मुलगा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरण्यांचे भोंगे गप्प झाले. त्यानंतर कुठे अन्याय झाला की या एकट्या पोराला भोंगा ऐकू येतो आणि त्याच्या घशात त्या भोंग्याची ताकद उतरते. पहिल्या सिनेमात, समजा, त्याचं लंडनहून परतलेल्या शास्त्रज्ञाच्या मुलात रूपांतर झालं, ताकद एका अंगठीत गेली आणि क्लायमॅक्स सी लिंकवर हेलिकॉप्टरसकट झाला. सोमवारी शो उतरले. नायक खोटा, सिनेमाही खोटा, पण या चुका मी वेगवेगळ्या खऱ्या सेटांवरून गोळा केलेल्या आहेत.

पहिली पायरी: पोस्टमॉर्टेम

जुना सिनेमा तीनदा बघायचा. पहिल्यांदा एकट्याने, हातात पेन न घेता. दुसऱ्यांदा मूळ चित्रकथा मांडीवर ठेवून. तिसऱ्यांदा दहा ते चौदा वयाची आठ-दहा मुलं आणि त्यांचे आईबाप गोळा करून, आणि या वेळी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघायचं. मुलं मोबाइलकडे हात नेतात तो मिनिट लिहून ठेवा. आईबाप मोबाइल काढतात तो मिनिटही लिहा, पण वेगळ्या रकान्यात. मोठी माणसं ऑफिसच्या निरोपासाठीही काढतात, मुलं फक्त कंटाळली की.

मग आकडे. एकूण गल्ला सांगून कुणीही तुम्हाला गंडवेल, तुम्ही पहिला शुक्रवार आणि दुसरा शुक्रवार शेजारी ठेवा. पहिल्या शुक्रवारी गर्दी आणि दुसऱ्याला शुकशुकाट असेल तर लोकांना नायक हवा होता, सिनेमा नको होता. २००३ च्या 'हल्क'चं असंच झालं: पहिला वीकेंड दणदणीत, दुसऱ्याला जवळजवळ ७० टक्के घसरण. असा नायक पुन्हा उभा राहू शकतो. पहिल्या शुक्रवारीच थिएटर रिकामं असेल तर दुखणं वेगळं आहे. एक तर नायक कुणाला माहीत नाही, नाहीतर ट्रेलरनेच लोकांना पळवलं.

यानंतर जुन्या एडिटरला चहा पाजा. दिग्दर्शकाला भेटाल तर तो निर्मात्याला दोष देईल, निर्माता दिग्दर्शकाला. एडिटरने सगळं फुटेज पाहिलेलं असतं आणि त्याला बहुधा कुणी विचारलेलं नसतं. जुन्या पटकथेचे सगळे ड्राफ्टही मागवा. मी काम केलेल्या एका सिनेमात तिसऱ्या ड्राफ्टमध्ये नायक आणि त्याची बहीण यांचा एक लख्ख प्रसंग होता. सातव्या ड्राफ्टपर्यंत त्याच्या जागी आयटम साँग आलं. ते गाणं चाललं, सिनेमा नाही.

जे सापडेल ते चार ढिगांत टाका: पात्र बिघडलं, सूर बिघडला, कारागिरी बिघडली, वेळ चुकली. १९९७ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये सूर बिघडला. खेळणी विकायच्या दबावाखाली सगळा सिनेमा रंगीत दुकानासारखा झाला, आणि दिग्दर्शक जोएल शूमाकर यांनी पुढे प्रेक्षकांची माफीही मागितली. २०१५ च्या 'फँटॅस्टिक फोर'मध्ये कारागिरीची ओढाताण उघड दिसते. मागाहून केलेल्या शूटिंगमधला नायिकेचा विगसुद्धा ओळखू येतो. ढीग चुकला की उपाय चुकतो. सूर बिघडलेल्या सिनेमावर महागडे व्हीएफएक्स ओतणं म्हणजे खारट आमटीत तूप घालणं.

दुसरी पायरी: हक्क नक्की कुणाचे

इथे उत्साही लोक तोंडघशी पडतात. "हक्क आमच्याकडे आलेत" याचा अर्थ कधीकधी एवढाच असतो की जुन्या निर्मात्याकडून जुन्या सिनेमाच्या रिमेकचे हक्क आलेत. तो सिनेमा तुम्हाला नकोच आहे. तुम्हाला हवं आहे चित्रकथेतलं पात्र, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं असतं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १७ चित्रकथांसाठी फार महत्त्वाचं आहे. नियतकालिकाच्या पगारावर असताना लेखकाने किंवा चित्रकाराने त्या नियतकालिकासाठी काम केलं असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकाला छापण्यापुरते हक्क मिळतात. बाकी बाबतींत पहिला मालक तो लेखक किंवा चित्रकारच. म्हणजे प्रकाशकाचा कागद हातात आला म्हणून सिनेमाचे हक्क आले असं होत नाही. चित्रकार वारले असतील तर त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे. भोंग्याचा लेखक ठाण्यात, चित्रकाराच्या दोन मुली, एक पुण्यात आणि एक परदेशात, अशी परिस्थिती असेल तर तिन्ही सह्या हव्यात. चित्रकाराची सही "नंतर बघू" म्हणून सोडू नका. मुखवटा त्याने काढलेला आहे.

कलम १९ म्हणतं की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर, वेगळं काही ठरलेलं नसल्यास, हस्तांतरण संपलं. पण ही कलमं १९९४ च्या दुरुस्तीनंतरच्या करारांना लागतात. १९८६ चा पिवळा पडलेला स्टॅम्पपेपर दाखवून कुणी म्हणालं, "मुदत नाही, म्हणजे हक्क सुटले," तर लगेच पेढे वाटू नका, वकिलाकडे जा. जुन्या करारात ओटीटी कुठून असणार? नव्या करारात मात्र थिएटर, ओटीटी, मालिका, गेम, खेळणी, कपडे, प्रत्येक गोष्ट नाव घेऊन लिहा. नायकाचं नाव आणि चिन्ह यांचा ट्रेडमार्क शोध वेगळा करायचा. सिनेमासाठी ४१ वा वर्ग, पण टी-शर्टला २५ वा आणि खेळण्यांना २८ वाही तपासा. मुलांच्या दप्तरावर भोंग्याचं चित्र दुसऱ्याच कुणी छापलेलं आहे हे रिलीजच्या महिन्यात कळू नये.

हक्क टिकवण्यासाठी घाईत सिनेमा काढायचा मोह टाळा. १९९४ साली 'फँटॅस्टिक फोर'चा एक स्वस्तातला सिनेमा रॉजर कॉर्मन यांच्या निर्मितीत बनला. त्यामागे हक्कांची मुदत होती. तो थिएटरात कधी लागलाच नाही. ज्या कलाकारांनी मनापासून काम केलं त्यांचं काय झालं असेल, असं मला अजून वाटतं.

पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, शीर्षक निर्मात्यांच्या संघटनेकडे. मराठी सिनेमा असेल तर अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे. हे एका आठवड्याचं काम आहे, लोक सहा महिने टाळतात.

तिसरी पायरी: नायकाने वाचकाला दिलेला शब्द

ही सगळ्यात लांब चालणारी पायरी. हिला दोन महिने द्या, आणि तेवढे दिवस निर्मात्याला सेटवर फिरकू देऊ नका.

किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग असतात, तिथून आणि संग्राहकांकडून मिळतील तेवढे अंक जमवा. वीस अंक वाचा आणि प्रत्येकात परत परत काय येतं तेवढंच लिहा. कथानक लिहू नका. भोंग्याच्या बाबतीत समजा हे सापडलं: तो कधीही पहिला हात उचलत नाही, त्याला भोंगा ऐकू यावा लागतो, ओरडला की दोन दिवस त्याला बोलता येत नाही, आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी तो कामाच्या शोधात रांगेत उभा असतो.

मग तेव्हाचे वाचक गाठा. आज ते पन्नाशीत आहेत, बँकेत, शाळेत, सोसायटीच्या कमिटीत. त्यांना विचारा, काय आठवतं? गोष्ट कुणालाच आठवत नाही. एखादं चित्र आठवतं. "तो मुका होऊन पाटीवर लिहून बोलायचा ना?" असं तीन वेगळ्या माणसांनी सांगितलं की तुमचा सिनेमा सापडला. या नायकाची ताकद त्याचाच आवाज हिरावून घेते. संपानंतर ज्या कामगारांचं कुणी ऐकलं नाही, त्यांचाच हा पोरगा. लंडनची अंगठी घातल्यावर यातलं काय उरलं? काहीच नाही. म्हणून तो पडला.

हे एका पोस्टकार्डावर मावलं पाहिजे. मावत नसेल तर अजून सापडलेलं नाही.

याचा ढळढळीत दाखला डेडपूलचा. चित्रकथांत हा गडी अखंड बडबड्या, बडबड हीच त्याची ओळख. २००९ च्या वूल्व्हरिनच्या सिनेमात त्याचं तोंडच शिवून टाकलं! मग २०१४ मध्ये चाचणीसाठी केलेलं फुटेज बाहेर फुटलं, लोक वेडे झाले, आणि २०१६ चा सिनेमा सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलरमध्ये बनून जगभरात ७८ कोटींहून अधिक डॉलर मिळवून गेला. नट तोच, रायन रेनॉल्ड्स. फक्त तोंड उघडलं.

शब्द पाळला की पैसे येतातच असं मात्र समजू नका. जज ड्रेड चित्रकथेत शिरस्त्राण काढत नाही. १९९५ च्या सिनेमात सिल्व्हेस्टर स्टॅलोनने ते काढलं आणि चाहते चिडले. २०१२ मध्ये कार्ल अर्बनने शेवटपर्यंत काढलं नाही, सिनेमा कडक झाला, आणि तरीही थिएटरात आपटला. पहिल्याची बदनामी दुसऱ्याच्या पोस्टरला चिकटली होती. तिच्याशी कसं वागायचं ते जाहिरातीच्या वेळी बघू.

चौथी पायरी: जन्मकथा किती सांगायची

'बॅटमॅन बिगिन्स'ने २००५ मध्ये जवळजवळ तासभर मुखवटा दाखवलाच नाही, कारण तोवर मोठ्या पडद्यावर ती गोष्ट कुणी नीट सांगितलीच नव्हती. २००८ च्या हल्कने सगळी जन्मकथा श्रेयनामावलीतच उरकली, कारण पाच वर्षांपूर्वीच ती सव्वादोन तास दाखवून झाली होती. २०१२ च्या स्पायडरमॅनने दहा वर्षांत दुसऱ्यांदा कोळी चावताना दाखवला आणि लोक खुर्चीत चुळबुळले. २०१७ च्या नव्या स्पायडरमॅनने तो चावा गाळूनच टाकला. २०२५ चा सुपरमॅन तर त्याला जग ओळखू लागून तीन वर्षं झाल्यावर सुरू होतो.

माझा हिशोब साधा आहे. रिक्षावाल्याला, शेजारच्या मुलाला आणि तुमच्या आत्याला विचारा, "हा असा कसा झाला?" तिघांपैकी दोघांना माहीत असेल तर पाच मिनिटं पुरेत. आपल्याकडे बहुतेक वेळा जुना सिनेमा इतका पडलेला असतो की कुणालाच काही माहीत नसतं, आणि मग मोकळेपणाने सांगावं. पण क्रम बदला. आधी भोंगा मुका होऊन रांगेत उभा दाखवा. का मुका आहे, हा प्रश्न पडू द्या. गिरणी मागाहून येऊ दे.

पाचवी पायरी: मुंबईत मुखवटा कसा टिकणार?

परदेशी नायकाकडे बंगला असतो, तळघर असतं, निदान स्वतःची खोली असते. आपला नायक दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत राहतो. संडास मजल्याच्या टोकाला. गॅलरीत समोरच्या काकू भाजी निवडत बसलेल्या, त्यांना कुणाच्या घरी कुठला पाहुणा किती वाजता आला हे तोंडपाठ. हा पोरगा कपडे कुठे बदलणार? रात्री अडीचला परत आला तर जिन्यावर झोपलेल्यांना ओलांडून जाणार. आणि तो पोशाख धुतल्यावर वाळत कुठे घालणार?

आपल्याकडचे बरेच सुपरहिरो सिनेमे हे प्रश्न टाळण्यासाठी नायकाला एकदम श्रीमंत करतात, आणि तिथेच तो परका होतो. मी उलट करीन. चाळीला सगळं माहीत आहे, शहराला नाही. काकूंनी पोशाख चादरीखाली वाळत घातलाय. खलनायकाची माणसं येतात, ऐंशी बिऱ्हाडं एकजात सांगतात, "आम्हाला नाही बा माहीत." हा प्रसंग एका रुपयाच्याही व्हीएफएक्सशिवाय शिट्ट्या घेईल. पुढे रीडेव्हलपमेंट येते, लोक पांगतात, कुणी बदलापूरला, कुणी विरारला, आणि गुपित राखणारी भिंतच पडते. मध्यंतर कुठे करायचं ते मला वेगळं सांगावं लागू नये.

शहराचा धोकाही शहरातलाच हवा. जग संपवणारा निळा किरण मुंबईकराला शिवत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस ज्याने पाहिलाय त्याला तुंबलेलं गटार पुरेसं भयानक आहे. 'भावेश जोशी सुपरहिरो'ने २०१८ मध्ये मुंबईची पाणीचोरी धरली होती. तिकीटबारीवर तो चालला नाही, पण ही निवड मला आजही अचूक वाटते. केरळच्या 'मिन्नल मुरली'त तर नायक गावातला शिंपी आहे, आणि २०२१ मध्ये तो भाषा ओलांडून बघितला गेला.

सहावी पायरी: पोशाख

लुक टेस्ट वातानुकूलित स्टुडिओत करू नका. मे महिन्यात दुपारी एक वाजता फिल्म सिटीच्या उतारावर करा. नटाला जिना चढायला, खाली बसायला, मान वळवायला, चहा प्यायला लावा. मी एका सेटवर नायकाला दिवसभर फळीला टेकवून उभा ठेवलेला पाहिलाय, कारण सूटमध्ये बसता येत नव्हतं, आणि काढून परत घालायला पन्नास मिनिटं लागायची. पन्नास मिनिटं म्हणजे शिफ्टमधले चार शॉट गेले. ड्रेसदादांना डिझाइनच्या पहिल्या बैठकीला बोलवा. चेन कुठे हवी हे त्यांना कळतं, कॉन्सेप्ट आर्टिस्टला कळत नाही.

मान न वळण्याचं दुखणं मोठ्यांनाही चुकलेलं नाही. १९८९ च्या बॅटमॅनला पूर्ण धड वळवावं लागायचं. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये अखेर मान वळणारा सूट बनवला आणि सिनेमात त्यावर संवादही घातला.

किमान चार प्रती शिवा: जवळच्या शॉटसाठी एक, फाइटसाठी हार्नेसच्या (नटाला दोरीने लटकवायच्या पट्ट्यांच्या) फटी असलेली एक, स्टंट डबलच्या मापाची एक, आणि पावसात भिजवायची एक. भोंग्यासाठी मी तर जाड खाकी कापड, गळ्याला मफलर आणि निम्म्या चेहऱ्यावर कामगारांचा रुमाल एवढंच ठेवीन. मुलांना हा नायक घरातल्या कपड्यांत करता आला पाहिजे. 'शक्तिमान'ला फक्त फिरावं लागायचं, आठवतंय ना.

सातवी पायरी: पैसा आणि व्हीएफएक्स

कसब मुंबईत आहे. 'बॅटमॅन बिगिन्स'चे इफेक्ट्स करणाऱ्यांत डबल निगेटिव्ह ही लंडनची कंपनी होती. २०१४ मध्ये ती मुंबईच्या प्राइम फोकसच्या व्हीएफएक्स शाखेत विलीन झाली आणि आज तिचे कितीतरी कलाकार इथेच बसतात. त्यामुळे "आपल्याकडे होत नाही" हे म्हणणं सोडा. कमी पडतो तो वेळ, आणि वेळ कमी पडतो कारण रिलीजची तारीख आधी ठरते आणि एडिट शेवटपर्यंत बदलत राहतो.

म्हणून पटकथा बाउंड, म्हणजे पक्की, झाली की शॉट ब्रेकडाउन करा: प्रत्येक इफेक्ट शॉट, किती सेकंद, कॅमेरा हलता की स्थिर. तोच कागद तीन स्टुडिओंना द्या आणि बोली मागवा. शॉट तीन गटांत लावा. ज्याशिवाय गोष्टच नाही, ज्याने मजा वाढते, आणि ज्याचा दिग्दर्शकाला मोह आहे. तिसरा गट पहिल्याच दिवशी फाडा. मोठ्या प्रसंगांचं प्रीविझ (शूटिंगआधीचा कच्चा ॲनिमेटेड आराखडा) करा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या, लॉक झालेल्या एडिटनंतर बदल केला तर काय दर लागेल ते करारात लिहा. सेटवर व्हीएफएक्स सुपरवायझर हजर हवा, आणि प्रत्येक शॉटनंतर नट बाजूला करून क्लीन प्लेट, म्हणजे त्याच जागेचा रिकामा शॉट, घेतलीच पाहिजे. लाइट जातोय म्हणून असिस्टंट हेच गाळतात. मीही गाळलंय. नंतर चार सेकंदांसाठी एका मुलाने आठवडाभर नटाला लटकवलेली दोरी संगणकावर पुसली.

ताकद कशी दिसणार याची निवड म्हणजेच बजेट. भोंग्याची ताकद आवाजाची आहे, हे आपलं नशीब. पडद्यावर निळ्या लहरी काढू नका. तांब्यातलं पाणी थरथरू दे, खिडकीच्या काचा हलू देत, दोरीवरचे कपडे एकदम उलट्या दिशेला उडू देत. हे सेटवर होतं. वाचलेले पैसे साउंड डिझाइनला द्या. थिएटरात खुर्ची हलली की प्रेक्षक इफेक्ट मोजत बसत नाही. डेडपूलच्या वेळी ऐन तोंडावर बजेट कापलं गेलं, तर लेखकांनी नायक बंदुकांची बॅग टॅक्सीत विसरतो असा विनोद करून एक महागडी चकमकच वाचवली.

नट, परवानग्या, सेन्सॉर

नट जुना घ्यायचा की नवा? जुन्या सिनेमातलं जे चाललं ते ठेवा, बाकी बदला. २०१६ चा 'सुसाइड स्क्वाड' लोकांना आवडला नाही, तरी मार्गो रॉबी आणि व्हायोला डेव्हिस यांना २०२१ च्या आवृत्तीत राखलं. पडलेल्या सिनेमातला नट पनवती असतो ही इंडस्ट्रीतली समजूत आहे. ख्रिस इव्हान्स समीक्षकांनी झोडपलेल्या २००५ च्या 'फँटॅस्टिक फोर'मध्ये होता, आणि २०११ मध्ये तोच कॅप्टन अमेरिका झाला. आरामनगरमध्ये ऑडिशन घेताना मात्र संवाद देऊ नका. आपला नायक निम्मा सिनेमा मुका आहे, गप्प बसून दाखवायला सांगा.

परवानग्यांसाठी राज्याच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे. रेल्वेची परवानगी मध्य आणि पश्चिम रेल्वेकडून वेगवेगळी, वाहतूक पोलिसांची वेगळी. ड्रोन गृहीत धरू नका, मुंबई पोलिसांचे मनाई आदेश निघत असतात. पावसाचा प्रसंग खऱ्या पावसात करू नका, टँकर मागवा, कारण खरा पाऊस कंटिन्युइटी पाळत नाही.

प्रमाणपत्र पटकथेच्या वेळीच ठरवा. २०२४ च्या नियमांनी यूएचे (पालकांच्या मार्गदर्शनाने मुलांनी बघायच्या वर्गाचे) ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले आहेत. भोंगा ७+ मध्ये बसला पाहिजे, म्हणजे फाइट मास्टरला पहिल्याच दिवशी सांगा की रक्त नको.

शेवटची पायरी: जाहिरात आणि शुक्रवार

जुन्या सिनेमाची जाहीर टिंगल करू नका. तो बनवणारे लोक याच गल्लीत राहतात, त्यातला कॅमेरामन उद्या तुम्हाला लागेल, आणि टिंगल केली की लोकांना जुनं पोस्टरच आठवतं. डेडपूलने आपल्याच जुन्या अवताराला गोळ्या घातल्या, पण कधी? २०१८ च्या दुसऱ्या भागात, पहिला तुफान चालल्यावर.

"रीबूट" हा शब्द पोस्टरवर नको, तो आपल्या धंद्यातला आहे. पहिल्या टीझरमध्ये पोस्टकार्डावरची गोष्ट दाखवा: पाटीवर लिहून बोलणारा पोरगा, दूर कुठेतरी भोंगा, तांब्यातलं पाणी. नायकाचं रूप लोकांना खटकलं तर ऐकायची तयारी ठेवा. सॉनिक खरं तर व्हिडिओ गेममधला, पण त्याच्या २०१९ च्या ट्रेलरवर इतका गदारोळ झाला की निर्मात्यांनी त्याला नव्याने घडवला आणि सिनेमा २०२० वर ढकलला. तसा वेळ हवा असेल तर टीझर रिलीजच्या तीन आठवडे आधी नको, सहा महिने आधी आणा.

शो किती मिळाले यापेक्षा कुठल्या वेळेचे मिळाले ते बघा. मुलांचा सिनेमा रात्री साडेदहाला लावून उपयोग नाही. लालबागच्या भारतमाताला आणि दादरच्या प्लाझाला दुपारचा शो मिळवण्यासाठी निर्मात्याने स्वतः फोन करावा.

पुढच्या भागाची नांदी म्हणून एक छोटं दृश्य हवंच असेल, तर ते सेन्सॉरला पाठवायच्या आधी जोडा. मागाहून घातलेल्या फुटेजला पुन्हा मंजुरी लागते. आणि ते श्रेयनामावलीच्या आधी ठेवा. नावं सुरू झाली की आपल्याकडे दिवे लागतात, दारं उघडतात, आणि निम्म्या प्रेक्षकांना शेवटची कसारा पकडायची असते.